लिफ्टच्या नोटिशीतली बाई

आमच्या शर्टाच्या कारखान्यातली इस्त्रीवाली मावशी चौथी शिकलेली. पण इंग्रजी वाचते, आणि ते तिला कुठल्या मास्तरने शिकवलेलं नाही. कॉलरीमागच्या लेबलांवरून शिकली: पिळू नका, सावलीत वाळवा. लेबलं पुरेनात तेव्हा रद्दीवाल्याकडून डिक्शनरी उचलली. हे मी छाती फुगवून सांगतो.

तिच्या शेजारच्या टेबलावर बावीस वर्षं बसलेली काजबटणवाली परवा अचानक गेली. काल बोर्डावर इंग्रजीत नोटीस लागली. मावशीने वाचली आणि तिचं डोकंच फिरलं. पाणी नाही, सुट्टी रद्द, लिफ्ट बंद, अशा सगळ्या नोटिशींत असतो तोच ‘रिग्रेट’! लिफ्टची जुनी नोटीस काढून ‘लिफ्ट’च्या जागी बाईचं नाव टाकलेलं. खाली ‘झालेल्या गैरसोयीबद्दल’ ही ओळसुद्धा तशीच.

दुपारी काजबटणवालीची कॉलेजातली लेक आईचा डबा आणि चष्मा न्यायला येणार होती. तिने हे वाचायचं?

मावशीने नोटीस उपटली आणि थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये.

“साहेब, माणूस गेलंय, लिफ्ट नाही.”

“अहो मावशी, टायपिस्टची चूक. ती खालची ओळ काढतो. बाकी रिग्रेट म्हणजे दुःखच की.”

“मला नका शिकवू. गेल्या वर्षी तुमच्या आई गेल्या, तेव्हा बोर्डावर ‘ग्रीफ’ होतं. घरी जाऊन बघितला मी तो शब्द. काळीज पिळवटतं ते दुःख.”

“ते घरचं होतं, मावशी.”

“मग ही काय रस्त्यावरची? बावीस वर्षं माझ्या डब्यातलं खाल्लंय तिने!”

दारात आम्ही सगळे मशीनं बंद करून उभे. साहेबांनी आमच्याकडे बघितलं आणि टायपिस्टला हाक मारली.

“टाईप नको,” मावशी म्हणाली. “कागद द्या.”

तिने स्वतः लिहिलं, लेबलावरच्यासारख्या सुट्ट्या अक्षरांत, ‘ग्रीफ’ सगळ्यात मोठा. साहेबांनी खाली सही ठोकली.

लेक आली. बोर्डासमोर थांबली, दोनदा वाचलं.

“हे कुणी लिहिलं?”

साठ बायांनी इस्त्रीच्या टेबलाकडे बोट दाखवलं. पोरगी धावत जाऊन मावशीच्या गळ्यात पडली.

“हळू गं, इस्त्री तापलीय,” मावशी म्हणाली, आणि बाई गेल्यापासून पहिल्यांदा रडली.