केसभर उशीर

लूशस टॉलिव्हर आयुष्यात एकदाच ठेक्याच्या मागे पडला, आणि जगाने त्याचं नेमकं तेवढंच ऐकलं.

गोष्ट बहात्तर सालची, डेट्रॉइटची. चोवीस वर्षांचा लूशस ओतशाळेत राबायचा आणि सुटीच्या वेळात मिळेल तिथे ड्रम वाजवायचा. त्या दिवशी सलग दोन पाळ्या करून गडी तसाच स्टुडिओत येऊन बसला. गाणं संथ, प्रेमाचं, बिलगून नाचायचं. डोळे मिटत होते, आणि डावा हात प्रत्येक ठोक्याला केसभर उशिरा पडत होता. तबकडी तशीच निघाली. बँडच्या म्होरक्याने मात्र चारचौघांत सांगितलं, की हा झोपेत वाजवतो, आणि त्याला काढून टाकलं. लूशसने ते इतकं मनाला लावून घेतलं, की पुढे पन्नास वर्षं चर्चमध्ये ड्रम वाजवताना त्याचा हात घड्याळासारखा पडला. बायको ओडेसा म्हणायची, "तुझ्यापेक्षा आपला पंखा बरा. तो मधूनमधून अडखळतो तरी."

गंमत बघा, मधल्या काळात रॅपवाल्यांनी त्या तबकडीतली तीच दोन आवर्तनं उचलली आणि गोल गोल फिरवून त्यांवर आपले शब्द ओतले. न्हाव्याच्या दुकानात, पेट्रोल पंपावर, शेजारून जाणाऱ्या गाडीतून लूशसला आपली लाज ऐकू यायची. तो कुणाला काही सांगायचा नाही.

यंदा रोशेल पेटवे त्याला शोधत आली. चाळिशीची बाई, रॅपला संगीत करून देणारी. तिलाही तीच दोन आवर्तनं हवी होती. गाणं लिहिणाऱ्याची हरकत नव्हती, पण तबकडीचे मालक परवानगी देईनात. अशा वेळी तोच तुकडा नव्याने वाजवून घेतात.

"अंकल लू, नऊ जणांना बसवून पाहिलं," ती म्हणाली. "तो उशीर दुसऱ्या कुणाच्या हातात नाही."

ज्या खोटीपायी हाकललं, तीच मागायला कुणी दारात आलं होतं. म्हातारा हरखला. ती खोट आपल्याच हातची होती, हे आता एकदा दाखवायचंच, असं त्याने मनाशी घेतलं.

स्टुडिओत बसला, आणि हात बरोब्बर ठेक्यावर. पुन्हा वाजवलं, पुन्हा बरोब्बर. मुद्दाम मागे राहायला जावं, तर नुसतं सोंग वाटे. आठव्या खेपेला रोशेलने काचेपलीकडून विचारलं, की जरा थांबायचं का.

"पोरी, पन्नास वर्षं घासून घालवलाय तो," लूशस म्हणाला. "आता बोलावला म्हणून थोडाच येणार?"

दुपार सरली. खांदा ठणकायला लागला, ओडेसाने दिलेला मक्याचा पाव तसाच राहिला. बाविसाव्या खेपेला अंगातलं बळच सरलं. उशीर आला, पण जुना नव्हे. हात वेळेवर, आणि पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा ठोका मागून ओढत येणारा, जिना चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखा.

रोशेलने तो तीनदा ऐकला. "हा तो नाही," ती म्हणाली.

"तो चोवीस वर्षांचा होता. हा शहात्तरचा. माझ्याकडे आता हाच आहे."

तिने आपलं आधी बांधलेलं सगळं संगीत पुसलं, लूशसचा पाय तेवढा ठेवला, आणि त्यावर मंद सूर लावून पाहिला. मग लूशसकडे न बघताच तिने विचारलं, आणखी एकदा वाजवाल का.

"आज नाही," लूशस म्हणाला. "माणूस इतका दिवसातून एकदाच दमतो." आणि उठायला त्याने तिच्या हाताचा आधार मागितला.