तिसऱ्या कडव्यातला नारळ

रसूलमामा नदाफ. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले गादीवाले. त्यांचं नाव आधी लिहून टाकतो. सांगण्याच्या नादात माणूस वाहवत जातो आणि मूळ माणूस मागं राहतो. शिवाय सातवीत शाळा सोडलेल्याला लिहायला बसलं की धाकधूक असते. निदान पहिली ओळ तरी चुकायला नको.

तर आमच्या गाण्याच्या पार्टीतले आम्ही सहा जण तालमीच्या हॉलमध्ये टेपरेकॉर्डरभोवती बसलो होतो, आणि टेपातून आमचाच आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा येत होता. हलगी वाजली की भिंतीवर आपटून परत यायची. माझे शब्द तर कळतच नव्हते. हलगीवाला म्हणाला, भूत गातंय जणू. सगळे हसले. मला हसू येईना, कारण मशीन आमचं नव्हतं. संध्याकाळच्या आत ते परत द्यायचं होतं.

मशीन होतं कॅसेटवाल्या अण्णांचं. तेव्हा कॅसेटचा जमाना नुकता सुरू झाला होता. अण्णांचं बस स्टँडाकडं दुकान होतं. मोठ्या कंपन्यांच्या कॅसेट ते विकायचेच, पण आसपासच्या शाहिरांची, भजनी मंडळांची गाणी भरून जत्रांतही विकायचे. माझं एक गाणं त्यांनी गणपतीत ऐकलं होतं. म्हणाले होते, मशीन आणि माईक एक दिवस नेतो म्हणालास तर ने, चांगलं भरून आणलंस तर जत्रांच्या आधी कॅसेट काढतो. नाहीतर राहिलं.

त्या ‘राहिलं’चा मला जास्त घोर होता. मी मूळचा वऱ्हाडातला, यवतमाळकडचा. तंबूतल्या सिनेमाबरोबर खुंट्या ठोकत ठोकत कोल्हापूरला आलो. सिनेमा पुढं गेला, मी इथंच राहिलो. दिवसा मार्केट यार्डात गुळाच्या रव्यांची, म्हणजे ढेपांची, हमाली, उरलेल्या वेळात गाणी. पाच-सहा वर्षं झाली तरी पेठेत मला सगळे ‘पावणं’ म्हणायचे. इथं अनोळखी माणसाला तसंच म्हणतात, त्यात वाईट काही नाही. पण पाच वर्षांनीसुद्धा पाहुणाच? मी स्टेजवर ‘मले’ म्हणालो की मागची पोरं ‘मले, मले’ करून ओरडायची.

इचलकरंजीच्या गिरणीला कापूस घेऊन येणारा एक ट्रक ड्रायव्हर आमच्या गावाकडचा होता. त्याच्या तोंडी बाबांचा निरोप आला होता. कापसाच्या जिनिंगमध्ये वॉचमनची जागा आहे, होळीपर्यंत ये, तोवर मालकाला थांबवून ठेवतो. म्हणजे होळीपर्यंत माझं इथं काही बस्तान बसलं तर बसलं. नाहीतर गाणी गुंडाळून जिनिंगच्या फाटकावर.

ते अख्खं वर्षच त्या गाण्याच्या मागं गेलं होतं. आमच्या धंद्यात वर्षाचे तीन भाग असतात. पावसाळ्यात कार्यक्रम नसतात, तेव्हा लिहायचं. गणपती-दसऱ्यात पेठांमधून गाऊन गाणं घासून घ्यायचं, कुठं लोक उठतात आणि कुठं बसतात ते बघायचं. आणि थंडीनंतर जत्रा लागल्या की गावोगाव जायचं. मी पावसाळाभर लिहिलं ते रसूलमामांच्या दुकानात बसून. माझ्या खोलीचं छत गळायचं. शिवाय मामांच्या पिंजणीचा ठेका मला हवा असायचा. पिंजारी कापूस पिंजतो ती धनुकली म्हणजे माणसाएवढी लांब कमान. तिची तात लाकडी मोगऱ्यानं मारली की ‘टण्ण’ करते. मामा दिवसभर टण्ण टण्ण करायचे आणि मी त्या तालात शब्द बसवायचो. मामा आमच्या पार्टीत तुणतुणं वाजवायचे. म्हणायचे, दिवसा मोठी तार, सांजंला बारकी, माजं सगळं आयुष्य तारंवरच हाय की.

गाणं त्या कापसावरच सुचलं. आमच्याकडचा कापूस इथं येतो आणि इथल्या माणसांची गादी होतो, एवढंच त्यात होतं.

‘वऱ्हाडी कापूस पिंजला पेठंत,
कोण कुठला पुसंना कुणी, झोपली दुनिया उबंत.’

तालमीत काम फसलं तेव्हा मामांनीच तुणतुणं खांद्याला लावलं आणि म्हणाले, दुकानात चला. आवाज भिंतीला आपटतोय ना, मग आपटायला भिंतच ठेवू नका.

दुकानामागं त्यांचं गोडाऊन होतं. आम्ही चारी बाजूंना गाद्या उभ्या केल्या, वर लोड-तक्के रचले, दाराला दोन रजया टांगल्या. माईक एकच. तेव्हा वेगवेगळे आवाज वेगवेगळे भरून नंतर जोडायची सोय आमच्यासारख्यांना नव्हती. सगळ्यांनी एकदम वाजवायचं, एकदम गायचं, एक जण चुकला तर पहिल्यापासून. कुणाचा आवाज मोठा, कुणाचा लहान हे बसण्याच्या जागेवर ठरायचं. हलगी दाराशी, ढोलकी मधे, झीलकरी माझ्या मागं. झीलकरी म्हणजे गाणाऱ्याच्या ओळीचं शेपूट धरून ‘जी जी’ करणारे. मामा तुणतुणं घेऊन माईकजवळ, कारण त्याचा आवाज सगळ्यांत बारीक.

पंखा बंद, कारण तो घरघरतो. घामानं निथळत आम्ही गाणं भरलं आणि लावून ऐकलं. आवाज स्वच्छ. शब्द न् शब्द कळत होता. पण गाणं मेलेलं. मी शाळेत उभं राहून कविता म्हणत असल्यासारखा गात होतो. परत भरलं. तसंच. परत. आणखी वाईट.

कारण मला कळत होतं, पण सांगायला लाज वाटत होती. स्टेजवर आपण एक ओळ टाकली की लोकांकडून काहीतरी परत येतं. हसू, शिवी, शिट्टी. त्यावर पुढची ओळ उभी राहते. गाद्यांतून काहीच परत येत नव्हतं. माझाच आवाज मला परत मिळत नव्हता. मी म्हणालो, मामा, हेच देऊ, स्वच्छ तर आहे.

मामांनी तुणतुणं खाली ठेवलं. मग म्हणाले, “तू कापसाफुडं गायलायस व्हय? कापूस काय दाद देतोय?”

आणि ते बाहेर गेले. दुकानात उशा घ्यायला आलेल्या दोन बायका, समोरचा शिंपी, आणि दत्तू वस्ताद, एवढ्यांना आत घेऊन आले. दत्तू वस्ताद म्हणजे आमच्या तालमीचे जुने पैलवान. महिन्याभरापूर्वी त्यांनी मुलीचं लग्न केलं होतं आणि तिच्या सासरी पाठवायची गादी बघायला आले होते. शुक्रवार होता, त्यामुळं अंबाबाईला न्यायचा नारळ त्यांच्या हातात होता. मामांनी सगळ्यांना खाली बसवलं आणि बजावलं, खोकलायचं न्हाय, शिंकायचं न्हाय, वाहवा तर अजिबात न्हाय.

वस्ताद म्हणाले, “मग काय मढ्यागत बसू?”

“बसा. पन डोळं उघडं ठेवून बसा.”

मशीन सुरू केलं. समोर माणसं दिसली आणि माझा घसा मोकळा झाला. शिंप्याचा अंगठा पायावर ताल धरत होता, तो मला पुरेसा होता. पहिलं कडवं उठलं. दुसऱ्यात एका बाईनं पदर तोंडाला लावून हसू दाबलं. झीलकऱ्यांना ते दिसलं, त्यांनाही जोर आला. तिसरं कडवं सासरी निघालेल्या लेकीचं होतं. आई तिच्या उशीत कापूस भरते आणि बोलता येत नाही ते सगळं त्यात भरते. मी ती ओळ टाकली आणि वस्ताद उठले.

इथं एक रीत सांगायला हवी. गाणं चालू असताना कुणी उठून शाहिराला काही दिलं, नारळ असो, फेटा असो, की गाणं तिथंच थांबतं. देणाऱ्याचं नाव, गाव, तालीम खणखणीत आवाजात पुकारायची. मग सोडलेली ओळ परत उचलून पुढं जायचं. पुकारा चुकला तर तो मोठा अपमान. त्यावरून दोन तालमींच्या हाणामाऱ्या मी पाहिल्या आहेत. आमच्या पार्टीत पुकारा करायचं काम मामांचं. जुन्या पार्ट्यांपासून वीस वर्षांची सवय.

वस्तादांचे डोळे भरले होते. त्यांनी अंबाबाईचा नारळ माझ्यापुढं ठेवला, हात जोडले. आवाज काही केला नाही, सांगितलेलं पाळलं त्यांनी. पण मामांचं बोट तारेवर थांबलं, मान वर झाली आणि माईकपासून हातभर अंतरावरून त्यांनी पुकारलं:

“आपल्या तालमीच्या दत्तू वस्तादांकडनं, आपल्या पेठंचं शाहीर नथ्थूराव यांना, मानाचा नारळ. शाहीर आभारी हायत.”

आणि गंमत म्हणजे आमच्यातलं कुणीच भानावर आलं नाही. हलगीनं रिवाजाप्रमाणं सलामीचा तुकडा दिला, झीलकऱ्यांनी ‘जी जी’ केलं, मी मान लववून तीच ओळ परत उचलली आणि गाणं शेवटापर्यंत नेलं. शेवटची हलगी थांबल्यावर मामांचं लक्ष त्या फिरणाऱ्या टेपाकडं गेलं.

ते तिथंच आडवे झाले. म्हणाले, “माज्या तोंडावर येक गादी दाबा रं कुणीतरी.”

परत भरायला वेळ नव्हता. हलगीचं कातडं घामट हवेनं सैल पडलं होतं, ते शेकायला जाळ करायचा तर आजूबाजूला सगळा कापूस. माझाही घसा संपला होता. वस्ताद तर इतके ओशाळले की दुसरा नारळ घेऊन देवीला कधी गेले कळलं नाही. आम्ही मशीन उचललं आणि अण्णांकडं गेलो.

अण्णांनी आधी स्वच्छ भरलेलं ऐकलं. ठीक हाय, म्हणाले. मग दुसरं ऐकलं. मान हलवत होते, हलवत होते, आणि पुकारा आला तसं त्यांनी बटण दाबलं.

“ह्यो नारळ कशाला फोडलाय मधीच? पयलं घेतो. हे पुसून टाका.”

मी हो म्हणालो. पुसून टाका म्हणणाऱ्याला नको म्हणायची मला सवय नव्हती. कॅसेट निघते आहे ना, मग झालं. मामा पायरीवर उभे होते, आत यायलाही तयार नव्हते. तिथूनच म्हणाले, “आन्ना, पुसा की. पन येकदा भाईरच्या स्पीकरवर लावा. माजी चूक मला येकदा ऐकू द्या, मग पुसा.”

अण्णांच्या दुकानाबाहेर रस्त्याकडं तोंड करून स्पीकर होता. गिऱ्हाईक त्यावरच यायचं. अण्णांनी पहिलं लावलं. माणसं स्टँडाकडं जात होती, जात राहिली. मग दुसरं लावलं. तिसऱ्या कडव्याशी मुरगूडचा एक शेतकरी, एसटीची वाट बघणारा, पिशवी खाली ठेवून उभा राहिला. पुकारा झाला तसं तो आत आला.

“कुठली जत्रा ही?”

“जत्रा न्हाय,” अण्णा म्हणाले, “गादीचं दुकान हाय.”

“मग ह्ये दत्तू वस्ताद कोन? आनि आभार मानून गानं पुढं नेलंय, बराबर नेलंय. असली कॅसेट हाय व्हय तुमच्याकडं?”

अण्णांनी त्याला आठवड्यानं या म्हणून सांगितलं. तो गेल्यावर माझ्याकडं न बघता त्यांनी पहिली टेप बाजूला सारली. वेष्टनावर काय नाव घालू, त्यांनी विचारलं. आमचं आधी ‘वऱ्हाडी पार्टी’ असं ठरलं होतं. मी तेच सांगायला लागलो.

“वऱ्हाडी कशाला?” अण्णा म्हणाले. “टेपात पेठंचं शाहीर म्हटलंय की. तेच घालतो.”

मी पायरीकडं पाहिलं. मामा बिडी पेटवत होते. ते शब्द त्यांनी विचार करून टाकले होते की तोंडात आले ते बोलले, हे मी त्यांना तेव्हा विचारलं नाही. नंतर विचारलं तर म्हणाले, पुकारताना खोटं बोलायचं नसतंय.

कॅसेट खूप खपली असं म्हणणार नाही. पण जत्रांत वाजली. आणि मुरगूडकडच्या एका जत्रेत पहिल्यांदा ते झालं. तिसरं कडवं आलं, आणि कॅसेट ऐकलेला एक जण नारळ घेऊन बरोबर त्याच ओळीला उठला. पुढच्या गावात आणखी एक. मग ती रीतच पडली. त्या कडव्याला कुणीतरी नारळ आणायचाच. काही ठिकाणी तर ‘आमच्या दादाचं नाव घ्या’ म्हणून रांग लागायची आणि लेकीची पाठवणी पार लांबायची. मामांच्या घरी त्या वर्षी रोज ओल्या नारळाची चटणी. मामी म्हणायच्या, पुढच्या वर्षी भाकरीवर गाणं लिहा.

एक कॅसेट मी ड्रायव्हरबरोबर गावी पाठवली. बाबांकडं मशीन कुठलं? त्यांनी ती ट्रकच्या टेपावर ऐकली, जिनिंगच्या फाटकापाशी उभं राहून. ड्रायव्हरनं होळीआधी त्यांचा निरोप आणला: आवाज तुयाच हाय, पण थे नारळवाले कोण? तिकडं लोक तुले शाहीर म्हणतेत तं मंग राय तिकडंच. जिनिंगची जागा दुसऱ्याले देली.

त्यानंतर पेठेत मला कुणी पावणं म्हटलं नाही. एखादा चुकून म्हणाला, तर दुसरा त्याला झापायचा.

नवी पोरं आता विचारतात, रेकॉर्डिंगला काय काळजी घ्यायची? मी सांगतो, आधी चार माणसं बोलवा. माईक नंतर.

एक गोष्ट मात्र मला खुपते. त्या कॅसेटवर माझं नाव आहे, वस्तादांचं आहे, पुढच्या जत्रांत शेकडो नारळवाल्यांची नावं पुकारली गेली. रसूलमामांचं नाव कुठंच नाही. पुकारणारा स्वतःचं नाव पुकारत नाही, तशी रीतच नाही. आता त्यांची नजर अधू झाली आहे, पिंजायला मशीन आलं आहे, पण तुणतुणं घेऊन ते अजून माझ्या मागंच बसतात. पुढं बसा म्हटलं तर ऐकत नाहीत. एक ना एक दिवस मी त्यांना पहिल्या रांगेत बसवीन. तिसऱ्या कडव्यात गाणं थांबवीन. खाली उतरून नारळ त्यांच्या ओंजळीत ठेवीन, आणि पुकारा मी स्वतः करीन. नाव, पेठ, सगळं, खणखणीत आवाजात. आणि मग सोडलेली ओळ परत उचलीन.