सही जुळेना

दवाखान्यात सगळे त्यांना खात्रीबाई म्हणत. त्यात कौतुक थोडं, चेष्टा जास्त. संगणक सांभाळणाऱ्या या बाई कुठलीही फाइल आधी तिची डिजिटल सही तपासल्याशिवाय उघडत नसत.

पूर्वी त्या अशा नव्हत्या. सात वर्षांपूर्वी घाईगडबडीत त्यांनी एक फाइल न बघताच चालवली आणि एका दुपारीत सगळे जुने एक्स-रे कायमचे गेले. त्यांना कुणी फारसं बोललं नाही. पण आठवडाभराने एक आजोबा आले. बायको वारली होती. तिचं म्हणून काहीतरी हवं होतं, एक्स-रे तर एक्स-रे.

"नाही सापडत," बाई कशाबशा म्हणाल्या.

"असू दे, पोरी."

ते 'असू दे' त्यांच्या जिवाला लागलं.

त्या मंगळवारी सकाळीच किरणोपचाराचं यंत्र अडलं. कंपनीने दुरुस्तीची फाइल पाठवली. बाहेर बाकांवर अकरा पेशंट ताटकळत होते. बाईंनी फाइल उतरवून घेतली, सही उघडली. नाव कंपनीचंच होतं. पण वर लिहिलं होतं, ही सही वैध नाही.

मोठे डॉक्टर मागेच उभे होते. "नाव बरोबर आहे ना? मग टाका."

"नाव बरोबर आहे, सर. पण सही झाल्यानंतर फाइल बदललीय. सील फुटलेल्या बाटलीतलं औषध तुम्ही पेशंटला टोचाल का?"

"जबाबदारी माझी."

"जबाबदारी तुमची, सर, पण हात माझा आहे."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "मग बाहेर जाऊन तुम्हीच सांगा."

बाईंनी बाहेर जाऊन सांगितलं, आज उपचार होणार नाहीत. म्हाताऱ्या आईला तीन तासांचा प्रवास करून आणलेली एक लेक ताडकन उठली. "तुमची आई असती तर?"

बाईंनी म्हाताऱ्या आईकडे पाहिलं. "तरी हेच केलं असतं."

लेकीने आईच्या खांद्यावर शाल घातली आणि तिला हाताला धरून नेलं.

दुपारी कंपनीच्या इंजिनिअरचा फोन आला. घातपात वगैरे काही नव्हता. फाइल येताना तिचा मधलाच एक तुकडा खराब झाला होता.

"म्हणजे उगाचच घालवले सगळ्यांना," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी फोनचा आवाज मोठा केला. "ती टाकली असती तर यंत्राने किरणांची मात्रा किती सोडली असती?"

इंजिनिअर म्हणाला, "ते आम्हालाही सांगता येणार नाही, बाई."

डॉक्टर खुर्ची ओढून बसले.

नवी फाइल आली. सही जुळली. टेबलावर पेशंट न घेता यंत्र तीनदा तपासून झालं, तेव्हा चार वाजले होते. मग बाईंनी अकराही जणांना स्वतः फोन लावले. लेकीचा नंबर शेवटी आला.

"आई झोपलीय," ती तुटकपणे म्हणाली. मग थोडं थांबून, "उद्या किती वाजता आणू?"

"आठला. पहिला नंबर त्यांचाच ठेवलाय."