बिनघर्षणाचा ट्रक आणि दोरीचं टेन्शन

अकरावीला फिजिक्स शिकवणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. पुस्तकातला रस्ता गुळगुळीत, दोरी बिनवजनाची, हवा तर नाहीच. समोर बसलेली पोरं मात्र खरीखुरी! रोज काहीतरी होतंच. महाल भागातल्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात हा विषय शिकवणारे आम्ही तिघं: वानखेडे सर, मेश्राम मॅडम आणि मी.

*

कोराडीहून बसने येणारी प्रणाली पहिल्या बाकावर बसायची. मी फळ्यावर ट्रक काढला आणि म्हणालो, "रस्त्यावर घर्षण नाही असं धरू."

"सर, मंग ट्रक थांबन कसा?"

"थांबणारच नाही!"

"मंग तो निंगालाच कसा?"

मी ट्रक पुसला आणि तिथे ठोकळा काढला. निघालास कसा, हे ठोकळ्याला कोणी विचारत नाही!

*

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. त्यांनी एकाला वजन आणि वस्तुमान यांतला फरक विचारला.

"सर, चंद्रावर वजन कमी होते. वस्तुमान तेवढंच राह्यते."

"उदाहरण दे."

"काटा कमी दाखवन सर, पण पँट टाइटच होईन!"

परीक्षकांनी स्वतःचा पट्टा जरा सैल केला. म्हणाले, "पूर्ण मार्क!"

*

हा किस्सा जरा वेगळा. मॅडमनी टेस्टमध्ये गणित दिलं, ‘दोरीतलं टेन्शन काढा.’ रोशन हुशार पोरगा, पण त्याने एवढंच लिहिलं होतं: ‘दोरीचं मंग काढतो मॅडम, पहिले घरचं निपटू द्या.’

स्टाफरूममध्ये ते वाचून आम्ही सगळे हसलो. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी रोशनला बाजूला घेतलं. "काय झालं गा?"

त्याची लहान बहीण डेंग्यूने ॲडमिट होती, प्लेटलेट्स घसरत होत्या. मॅडम रोज दवाखान्यात जाऊ लागल्या, डबा घेऊन. पोरगी बरी होऊन घरी आली, तेव्हा रोशनने ती टेस्ट पुन्हा दिली. उत्तर बरोबर. खाली लिहिलं होतं, ‘दोन्ही निघाले!’

मॅडमनी तो पेपर आम्हाला दाखवला आणि पदराने चष्मा पुसत बसल्या.

*

इन्स्पेक्शनच्या दिवशी वानखेडे सरांनी कप्पीवर दोन वजनं टांगून दाखवली. दोरा तुटला. एक वजन साहेबांच्या बुटापासून चार बोटांवर पडलं!

सर घाईघाईने म्हणाले, "साहेब, दोरा वजनरहित मानला होता."

साहेबांनी आधी पाय हलवून पाहिला. "अन् माझा पाय?"

*

आता शेवटचा. विमानतळाजवळच्या मिहानमधल्या एका उंच इमारतीत आमचं ट्रेनिंग होतं. परतताना लाइट गेली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत आम्ही तिघंच. वानखेडे सरांचं अर्धं आयुष्य लिफ्टची गणितं शिकवण्यात गेलेलं. ते दांडी धरून घामाघूम!

मॅडम धीर देत म्हणाल्या, "सर, घाबरू नका. समजा, लिफ्ट स्थिर आहे..."

"समजा काहून म्हणून राहिल्या मॅडम? आहेच ना स्थिर?"

थोड्या वेळाने लाइट आली. लिफ्ट हळूहळू खाली उतरली, दार उघडलं. सर बाहेरच्या पायरीवर बसले, बाटलीभर पाणी प्यायले आणि कितीतरी वेळाने हसले. मग आम्हीही हसलो.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या वर्गात एक पोरगी पुस्तकातलं गणित वाचायला उठली. "लिफ्टची दोरी तुटली असे समजा..."

सरांनी पुस्तक मिटलं.

"काही तुटली-बिटली नाही! पुढचं घ्या."