महिपतीचा समुद्र आणि चपटे किडे

एकतीस वर्षं महिपतीने आम्हाला उजेडात ठेवलं आणि स्वतः अंधारात बसला. आमच्या नाटक कंपनीचा तो लाइटवाला. मी रंगमंचावर कुठे थांबणार हे माझ्याआधी त्याच्या स्पॉटला कळायचं! त्याच्यासाठी कधी टाळी वाजली नाही आणि त्याने ती मागितलीही नाही. निदान मला तसं वाटायचं.

निवृत्तीनंतर धायरीच्या फ्लॅटमध्ये त्याने समुद्र आणला. चार फुटांची काचेची टाकी. नळाला येणारं खडकवासल्याचं पाणी गाळून त्यात खास मीठ कालवायचं. आत जिवंत प्रवाळ आणि जिवापाड जपलेली नारिंगी क्लाउनफिशची जोडी. संध्याकाळी सोसायटीतली मुलं जमली की महिपती पडदे ओढायचा, तोंडाने नाटकाची तिसरी घंटा द्यायचा आणि दिवा हळूहळू चढवायचा. मुलं टाळ्या पिटायची. साठीनंतर मिळालेल्या त्या टाळ्या त्याला फार गोड लागल्या.

दोन हजार आठ साली तिसऱ्या मजल्यावर केयूर राहायला आला. हिंजवडीत आयटीची नोकरी आणि घरात सहा फुटांची टाकी! मुलं जिना चढून तिकडे जाऊ लागली. महिपती दार उघडं ठेवून त्यांच्या चपलांचे आवाज ऐकत बसायचा.

"बाई, त्याच्या टाकीत रंग आहेत, जीव नाही," तो मला म्हणाला.

"पाहून आलास?"

"मी कशाला जातोय!"

विंगेत उभं राहून दुसऱ्या नटीला मिळणाऱ्या टाळ्या ऐकताना माझंही तोंड असंच व्हायचं.

केयूर बिचारा स्वतःच खाली आला, हिरव्या प्रवाळाचा तुकडा घेऊन. "काका, तुमच्यासाठी. फक्त आधी औषधाच्या पाण्यात डिप करून घ्या हं."

"आता तू शिकव मला," म्हणत महिपतीने तो त्याच्यासमोरच थेट टाकीत सोडला.

महिन्याभरात प्रवाळावर तपकिरी ठिपके सरकू लागले. तिळाएवढे चपटे किडे, हजारोंनी. प्रवाळ मिटून बसले. "मुद्दाम दिलेत त्याने," हे महिपतीचं पालुपद. शेवटी त्याच्या बायकोने, शालनने, मला बोलावून घेतलं. हा औषधाची बाटली उघडून टाकीपाशी उभा! दुकानदाराने बजावलं होतं : हे किडे मरताना विष सोडतात. आधी जमतील तेवढे काढा, मग औषध घाला आणि लगेच पाणी बदला. नाहीतर मासे जातील.

"हजारो किडे वेचू कसे, बाई?"

"जास्त कुठे जमतात ते?"

त्याने टाकीवरच्या दिव्याकडे पाहिलं. "उजेडात," म्हणाला, आणि बाटली खाली ठेवली.

भर दुपारी पडदे ओढले. टाकीचे दिवे बंद केले आणि माळ्यावरचा जुना स्पॉट एका कोपऱ्यावर धरला. तासाभरात सगळी मंडळी प्रकाशात हजर! बारीक नळीने त्यांना बादलीत ओढता ओढता महिपती पुटपुटला, "सगळ्यांना मधेच उभं राहायचं असतं."

मग औषध घातलं. उरलेले किडे गळून पडले, पण मोठी क्लाउनफिश वर येऊन धापा टाकू लागली. तयार खारं पाणी एकच बादली होतं. लागणार होतं पिंपभर, आणि तेवढं इमारतीत एकाकडेच होतं.

"मी जाते वर," शालन म्हणाली.

"थांब." महिपती अनवाणीच जिना चढला.

केयूर पिंप घेऊन धावत आला. दोघांनी निम्मं पाणी बदललं, विष शोषणारी कार्बनची पिशवी सोडली. संध्याकाळी ती मासोळी जोडीदाराला पुन्हा ढुशा देऊ लागली, तेव्हा कुठे महिपती खाली बसला.

"काका, सॉरी," केयूर म्हणाला. "माझ्याकडे पण आहेत हे किडे. म्हणून डिप करा म्हटलं. पण खरं सांगायची लाज वाटली. आधीच मुलं मला रोज विचारतात, तुम्ही घंटा का नाही देत? डोकं फिरतं माझं."

महिपतीने स्पॉट उचलला आणि वर गेला. मीही मागोमाग. त्या सहा फुटी टाकीशी तो पहिल्यांदाच वाकला. बराच वेळ वाकूनच होता. मग वळला, चेहरा असा उजळलेला की तसा मी तो कधी पाहिला नव्हता.

"बाई, याच्याकडे माझ्या दुप्पट किडे आहेत!"

आणि घसा खाकरून त्याने तिसरी घंटा दिली.