टोपीतली रिकामी मूठ
हे मी आजवर घरातही बोललो नाही, पण आज कांदाभजीचा वास आला आणि राहवेना. पनवेलच्या एस.टी. स्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही चौघे मित्र दर रविवारी जमायचो. बिल द्यायची आमची रीत अशी, की एकाची टोपी फिरायची, ज्याने त्याने मूठ आत घालून जमेल तेवढं सोडायचं आणि बाकीच्यांनी रस्त्याकडे बघायचं. त्या रविवारी माझा खिसा रिकामा होता, पण भज्यांवाचून आणि त्या हसण्यावाचून घरी बसवलं नाही. मी रिकामी मूठ आत घातली, आधीची नाणी खुळखुळवली आणि टोपी पुढे दिली. शेवटचा हात मिठागरावर काम करणाऱ्या मित्राचा. मोजलं तर बिल भागून वर चार आणे उरले. "आजून एक प्लेट मागवा," तो म्हणाला, "आन् पयली यालाच द्या, मघापासून नव्या नवरीगत लाजून खातोय." सगळे खो-खो हसले, मीही हसलो, आणि तशी खमंग भजी मला पुन्हा कधी मिळाली नाहीत. मग त्याच्या गावाची गाडी लागली, पण तो चढला नाही. "पाय मोकले करतो जरा," म्हणत गाणं गुणगुणत चालत निघाला. त्या तिकिटाचे पैसे मी अजून त्याला देणं लागतो.