सोनगीरच्या माळावरचे नऊ होल

चार माणसं रोज सकाळी एकाच जागी चालायला लागली की किस्से आपोआप साठतात. आमच्या गोल्फ कोर्सचंच बघा. होल नऊच, पण सांगायला बसलं की चहा गार होतो!

धुळ्याहून सोनगीरकडे जाताना हायवेलगत एक खडकाळ माळ आहे. तिथे नानांनी हा कोर्स आखला. नाना निवृत्त इंजिनिअर, जन्मभर पाटबंधाऱ्यांच्या कामावर. मी शाळेत चित्रकला शिकवायचो. कोर्सच्या नकाशाचा बोर्ड रंगवायला गेलो आणि तिथलाच झालो.

बोर्डावर मी नऊ ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीचे गवताचे गोल, छान हिरवेगार रंगवले. नाना बराच वेळ बघत राहिले.

"मास्तर, इथे हिरवं कुठे दिसलं तुम्हाला?"

खरं होतं. गवताला पाणी आणायचं कुठून? भोकाभोवती वाळूत तेल मिसळून सपाट गोल केलेले. त्यांना ग्रीन नाही, ब्राऊन म्हणतात. मी नऊच्या नऊ तपकिरी करून टाकले.

*

तिसऱ्या होलला नाला आडवा येतो. आमचे डॉक्टर, धुळ्यातले डोळ्यांचे डॉक्टर, त्यांचे एका सकाळी ओळीने पाच चेंडू त्यात गेले.

"नाना, हा नाला थोडा सरकवता नाही येणार?"

"नोकरीभर नालेच सरकवले, डॉक्टर. एक जोराचा पाऊस आला की परत आपल्या जागेवर!"

सहावा चेंडू डॉक्टरांनी नाल्याच्या अलीकडे हळूच टाकला आणि दुसऱ्या फटक्याला पलीकडे गेले.

*

पाचव्या होलच्या ऐन वाटेत एक निंब उभा आहे. चेंडू हमखास त्याच्यावर आपटतो. तो तोडावा, असं एकदा मीटिंगमध्ये ठरत आलं होतं. बाहेर अक्का उभी होती. अक्का जवळच्या वस्तीवरची; रोज सगळे ब्राऊन तीच झाडते, सारखे करते. तिने दारातूनच सुनावलं,

"झाड तठेच शे. चेंडू तुमना वाकडा जास!"

झाड आपल्या जागीच आहे, वाकडा जातो तो तुमचा चेंडू. विषय संपला. हल्ली निंबाला लागलं की डॉक्टर स्वतःच म्हणतात, "झाड तठेच शे."

*

एका उन्हाळ्यात सातव्या होलवर टिटवीने उघड्यावर अंडी घातली. अक्काने भोवती दगड मांडले आणि नानांनी होल बंद केला. त्याच रविवारी नाशिकहून एक पाहुणे खेळायला आलेले.

"सहानंतर एकदम आठ? सातवा कुठे गेला?"

"बाळंतपणाच्या रजेवर आहे," नाना म्हणाले.

पाहुणे आधी चिडले. मग लांबूनच टिटवी बघून आले आणि स्कोअरकार्डावर सातच्या चौकटीत त्यांनी लिहिलं, 'रजा मंजूर'.

*

आता नववा. होल छोटा, पण मध्ये उंचवटा. झेंडा पलीकडे, सुरुवातीपासून दिसतच नाही. अंदाजाने मारायचं.

दोन वर्षांपूर्वी नानांना काचबिंदू झाला. गेलेली नजर परत येणार नाही, हे सांगायची पाळी आमच्या डॉक्टरांवरच आली. नानांनी खेळ सोडला. महिनाभर घराबाहेर पडले नाहीत. शेवटी डॉक्टरच त्यांना गाडीत घालून थेट नवव्यावर घेऊन आले.

"अहो, मला झेंडा दिसत नाही," नाना म्हणाले.

"मलाही नाही. मास्तरांनाही नाही. मारा!"

नाना हसले. किती दिवसांनी! चेंडू चाचपून त्यांनी मारला. मग डॉक्टरांनी मारला. नानांचा हात धरून आम्ही उंचवटा चढलो.

पलीकडे अक्का तोंडावर हात ठेवून उभी होती. नानांचा चेंडू झेंड्यापासून चार हातांवर. डॉक्टरांचा थेट भोकात! एका फटक्यात! आमच्या कोर्सवर असं तोवर कुणाला जमलं नव्हतं.

"अक्का, कोना जोडे शे?" नानांनी विचारलं. कोणाचा जवळ आहे?

डॉक्टरांनी अक्काकडे बघून नकाराची मान हलवली. वाकून भोकातला चेंडू अलगद काढला, तरी आतल्या डब्याला लागून खट् वाजलंच, आणि खिशात टाकला.

"तुमना, नाना," अक्का म्हणाली.

नाना दिवसभर खुशीत होते. आम्ही तिघांनी कुणाला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना हजर! हातात पेढ्यांचा बॉक्स. पहिला पेढा त्यांनी डॉक्टरांपुढे धरला.

"कशाबद्दल, नाना?"

"एका फटक्यात होल केला की त्या माणसाने पेढे वाटायचे असतात. त्याने नाही वाटले, म्हणून मी आणले."